बुरशीची टांकसाळ

आपल्या घरांत बुरशीला मान नाही. पावसाळ्यात लोणच्याची बरणी उघडावी आणि फोडींवर पांढुरका थर दिसावा, म्हणजे गृहिणीच्या कष्टांवर पाणीच पडले. ट्रंकेतील रेशमी साडीवर डाग पडला तरी दोष बुरशीचा, भिंतीला पोपडे सुटून कुबट वास आला तरीही तिचाच. चांदीचे स्थान याच्या नेमके उलट. बाळाच्या उष्टावणाची वाटी, देवघरातील निरांजन, लेकीला रुखवतात दिलेला अत्तरदाणी-गुलाबदाणीचा जोड, अशा मंगल प्रसंगांशी ती निगडित आहे. एकीला आपण घासून काढतो, तर दुसरीला घासून उजळतो. परंतु या दोघींची गाठ पुण्यातील एका प्रयोगशाळेत पडली आणि त्या भेटीतून जीवाणूंशी लढण्याचे एक नवे साधन शास्त्रज्ञांच्या हाती येऊ लागले. या वेळच्या लेखात आम्ही त्याच भेटीची हकिगत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम बुरशीच्या पदरात तिचे जुने पुण्य घातले पाहिजे. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना आपल्या काचेच्या बशीत उगवलेल्या बुरशीभोवतालचे जीवाणू नाहीसे झालेले दिसले. त्या बुरशीपासून लाभलेले पेनिसिलिन हे विसाव्या शतकातील वैद्यकाला मिळालेले मोठेच वरदान होय. न्यूमोनिया, बाळंतरोग, साध्या जखमेतून होणारी रक्तदुष्टी यांनी घराघरांतून जी माणसे अकाली ओढून नेली, त्यांची गणती करणे कठीण आहे. प्रतिजैविक औषधे आली आणि ही दहशत ओसरली. मात्र १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना स्वतः फ्लेमिंग यांनीच इशारा दिला होता की, औषध अपुऱ्या मात्रेत वापरले तर जीवाणू मरणार नाहीत, उलट ते औषधाला सरावतील. दुर्दैवाने तो इशारा खरा ठरला. २०१९ या एकाच वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे जगभर सुमारे बारा लाख सत्तर हजार मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणीने मांडला आहे. जुनी शस्त्रे बोथट होत आहेत आणि नवी प्रतिजैविके फार मंद गतीने हाती येत आहेत. अशा वेळी संशोधकांची दृष्टी पुन्हा चांदीकडे वळावी, यात नवल ते काय?

चांदीचा हा गुण नवा नाही. पाणी चांदीच्या भांड्यात साठविण्याची चाल अनेक प्राचीन समाजांत होती. आधुनिक वैद्यकात तिचा ठळक उपयोग १८८० च्या सुमारास जर्मनीतील लाइपझिग येथे झाला. प्रसूतीच्या वेळी आईकडून संसर्ग होऊन पुष्कळ नवजात बालकांचे डोळे कायमचे जात. कार्ल क्रेडे या प्रसूतितज्ज्ञांनी जन्मतःच बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावाचा थेंब घालण्याचा प्रघात पाडला आणि हे अंधत्व फार मोठ्या प्रमाणात टळले. पुढे १९६८ साली चार्ल्स फॉक्स यांनी भाजलेल्या जखमांसाठी सिल्व्हर सल्फाडायझिन या संयुगाचा उपयोग जगापुढे मांडला. भाजलेल्या कातडीवर लावावयाचे त्याचे पांढरे मलम आपल्यापैकी कित्येकांच्या घरी येऊन गेले असेल.

चांदी जीवाणूला कशी मारते, हे समजण्यासाठी फार दूर जावयास नको. देवघरातील चांदीची भांडी काही महिन्यांत काळी पडतात. याचे कारण, हवेतील गंधकयुक्त वायूंशी चांदीचे लगेच सूत जमते आणि भांड्यावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. जीवाणूच्या शरीरातील अनेक प्रथिनांतही गंधक असते. चांदीचे विद्युत्भारित अणू, ज्यांना आयन म्हणतात, ते याच ओढीने त्या प्रथिनांना जाऊन बिलगतात. मग जीवाणूचे आवरण फुटू लागते, त्याचा श्वसनव्यापार बिघडतो आणि त्याच्या वाढीचे काम ठप्प होते. पेनिसिलिन जीवाणूच्या भिंतीची बांधणीच तेवढी रोखते, चांदी मात्र एकाच वेळी अनेक दारांवर धडक देते. म्हणूनच तिच्यापासून बचाव करणे जीवाणूला अधिक अवघड जाते.

आता प्रश्न असा की, चांदी इतकी गुणी असताना तिचे कण एवढे सूक्ष्म करण्याचा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा घन घ्या. त्याचे वजन साडेदहा ग्रॅम, म्हणजे तोळ्याहून किंचित कमी भरेल. त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ मिळून अवघे सहा चौरस सेंटिमीटर. पोस्टाच्या तिकिटाएवढीच म्हणा ना! आता हाच घन कापीत कापीत त्याचे दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, अशी कल्पना करा. नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग. माणसाचा एक केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो आणि बहुतेक जीवाणूंची लांबी एक ते काही हजार नॅनोमीटर भरते. चांदी तेवढीच, वजनही तेच, परंतु या सर्व तुकड्यांच्या पृष्ठभागांची बेरीज आता सहाशे चौरस मीटर होते. तोळाभर चांदीने साडेसहा हजार चौरस फुटांचा वाडा व्यापला! चांदीचे आयन सुटतात ते पृष्ठभागावरून. म्हणून अंगठीतील चांदी जे करू शकत नाही, ते त्याच वजनाची नॅनोकणांतील चांदी करू शकते.

असे कण बनविण्याच्या रासायनिक पद्धती पूर्वीपासून आहेत. चांदीच्या क्षाराच्या द्रावात दुसरे एखादे रसायन घालावयाचे, त्याने आयनाला इलेक्ट्रॉन पुरवावयाचा आणि त्यातून शुद्ध धातूचा कण निर्माण व्हावयाचा. या क्रियेला शास्त्रात क्षपण म्हणतात. परंतु येथे दोन अडचणी उभ्या राहतात. यांपैकी काही पद्धतींत वापरली जाणारी रसायने विषारी असतात आणि त्यांचा अंश कणांवर राहिल्यास औषध म्हणून ते निरुपयोगी ठरतात. दुसरी अडचण अशी की, नुकतेच जन्मलेले कण एकमेकांना चिकटून गोळा होऊ पाहतात. गोळा झाला की एवढ्या सायासाने मिळविलेला पृष्ठभाग पुन्हा हरपला. त्यांना विलग ठेवण्यासाठी वर एखादे आवरण चढवावे लागते.

या दोन्ही अडचणींवर बुरशीने एकाच हाताने उपाय केला. १९५० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांचे सहकारी या विषयावर काम करीत होते. २००१ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, व्हर्टिसिलियम नावाच्या बुरशीचे तंतू चांदीच्या क्षाराच्या द्रावात ठेवले असता त्या तंतूंचा रंग तपकिरी होतो आणि त्यांच्या पेशीभित्तिकेलगत आतल्या बाजूस चांदीचे सुमारे पंचवीस नॅनोमीटरचे कण साठतात. शोध मोलाचा होता, पण कण बुरशीच्या देहात अडकलेले. ते बाहेर काढावयाचे तर पेशी फोडाव्या लागणार. दोन वर्षांनी, २००३ साली, याच मंडळींनी पुढचे पाऊल टाकले. फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी चांदीचे कण आपल्या देहाबाहेर, भोवतीच्या पाण्यातच तयार करते, असे त्यांना आढळले. कणांचा आकार पाच ते पंधरा नॅनोमीटर, आणि ते दीर्घकाळ न चिकटता पाण्यात तरंगत राहिले.

आमच्या वाचकांपैकी ज्यांची गावाकडे शेती आहे, त्यांना ही फ्युझेरियम नावाने नसली तरी करणीने ठाऊक असेल. हरभऱ्याचे हिरवेगार झाड पाहता पाहता माना टाकते, तो मर रोग हिच्याच एका प्रकारामुळे होतो. केळीच्या बागा वाळविणारा पनामा रोगही हिचाच प्रताप. शेतकऱ्याच्या तोंडचा घास हिरावणाऱ्या या बुरशीने प्रयोगशाळेत मात्र उपयोगाचे काम करून दाखविले.

कृती ऐकावयास साधी आहे. साखर, माल्ट आणि इतर पोषकद्रव्ये घातलेल्या पाण्यात बुरशी काही दिवस वाढवितात. मग तिच्या तंतूंचा लगदा गाळून, स्वच्छ धुऊन, तो सिल्व्हर नायट्रेटच्या अतिसौम्य द्रावात ठेवतात. हा द्राव किती सौम्य? लिटरभर पाण्यात एक ग्रॅमचा सहावा हिस्सा एवढाच काय तो क्षार. भट्टी लागत नाही, दाब लागत नाही, आपल्याकडच्या साध्या हवामानाइतकी ऊब पुरते. काही तासांनी पाण्याच्या रंगात पिवळसर छटा उतरते आणि दोन-तीन दिवसांत ते तपकिरी होते. हा रंग म्हणजेच कण जन्मल्याची खूण. इतक्या सूक्ष्म चांदीतील इलेक्ट्रॉन प्रकाशातील जांभळा-निळा भाग शोषून घेतात, म्हणून उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा-तपकिरी दिसतो. मायकेल फॅरडे यांनी १८५७ सालीच सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात माणकासारखा लाल रंग देतात, हे दाखवून दिले होते. धातूचा कण लहान झाला की त्याचा रंगही पालटतो.

बुरशीला हे का जमावे? प्राण्यांचे अन्न पोटात पचते, बुरशीचे पचन मात्र देहाबाहेर चालते. ती आपल्या तंतूंतून नाना प्रकारची विकरे, ज्यांना एन्झाइमे असेही म्हणतात, भोवताली सोडते, अन्न बाहेरच विरघळविते आणि मग तो रस शोषून घेते. भाकरीच्या तुकड्यावर बसलेली बुरशी हेच करीत असते. या विकरांपैकी काही इलेक्ट्रॉनांची देवघेव करतात. त्यांतील नायट्रेट रिडक्टेज नावाचे विकर चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन पुरवीत असावे, असे बऱ्याच संशोधकांचे मत आहे. आयन हे बुरशीलाही विषच. त्याचे निरुपद्रवी धातूत रूपांतर करणे हा कदाचित तिचा स्वसंरक्षणाचा मार्ग असेल. एवढ्यावर ती थांबत नाही. तिने सोडलेली प्रथिने प्रत्येक कणाभोवती लपेटली जातात आणि कण परस्परांना चिकटत नाहीत. नाणे पाडणारी आणि ते कापडात गुंडाळून ठेवणारी, अशी दोन्ही कामे करणारी ही टांकसाळ आहे.

पुण्याच्या या कामाचे पडसाद दूरवर उमटले. ब्राझीलमधील कांपिनास विद्यापीठात नेल्सन डुरान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्युझेरियमपासून मिळविलेली चांदी सुती कापडात मुरविली आणि त्या कापडावर जखमा चिघळविणारा स्टॅफिलोकॉकस हा जीवाणू टिकत नाही, असे २००७ साली दाखविले. रुग्णालयातील चादरी, पट्ट्या आणि शस्त्रक्रियेचे अंगरखे यांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची होय. विशेष म्हणजे, कापड धुतल्यावर पाण्यात उतरणारी चांदी परत मिळविण्याचा उपायही त्यांनी त्याच लेखात शोधला होता. विदर्भात संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात महेंद्र राय आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक जातींच्या बुरशी या कसोटीला लावल्या. जीवाणूंविरुद्ध नव्या पिढीचे अस्त्र म्हणून चांदीच्या नॅनोकणांचा आढावा घेणारा त्यांचा २००९ सालचा लेख जगभरच्या अभ्यासकांनी आधाराला घेतला आहे. मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली ट्रायकोडर्मा या बुरशीची चांदी निवडली. हीच ट्रायकोडर्मा आपले शेतकरी रोपांच्या मुळांना रोगापासून वाचविण्यासाठी बियाण्याला चोळतात. तिच्या कणांची जोड दिल्यावर अँपिसिलिनसारख्या जुन्या प्रतिजैविकांचा प्रभाव वाढतो, असे त्यांना आढळले. आम्हांला ही दिशा फार आशादायक वाटते. नवे औषध शोधण्यास जेथे दशके लागतात, तेथे जुन्या औषधाला पुन्हा धार लावता आली तर ते थोडे का झाले?

येथवर वाचून कोणी विचारील, मग हे औषध दुकानात का मिळत नाही? प्रश्न रास्त आहे. काचेच्या बशीत जीवाणू मारणे आणि माणसाच्या देहात ते काम निर्धोकपणे करणे, यांत मोठे अंतर आहे. बुरशी हा सजीव आहे. आज तिने दहा नॅनोमीटरचे कण दिले, म्हणून उद्या चाळीसचे देणार नाही, असा भरवसा नाही. तिचे अन्न, ऊब, वय, पाण्याची आम्लता यांत किंचित फरक पडला तरी कणांचा आकार बदलतो आणि आकाराबरोबर गुणही. औषधाच्या प्रत्येक घाण्यात सारखेपणा हवा, ही पहिली अट असते. शिवाय फ्युझेरियम स्वतः निर्दोष नाही. शेतात काम करताना डोळ्याला काडी लागली, तर त्या वाटेने शिरून ती बुबुळाला व्रण करू शकते. तेव्हा अंतिम पदार्थात तिचा अंशही उरता कामा नये. आणि जी चांदी जीवाणूच्या प्रथिनांना बिलगते, ती मात्रा वाढली तर आपल्या पेशींनाही सोडीत नाही. म्हणूनच यांतील बहुतेक काम अद्याप प्रयोगशाळेच्या उंबऱ्याच्या आतच आहे.

परंतु आम्हांला यापेक्षाही मोठी चिंता वाटते ती उधळपट्टीची. चांदी जीवाणू मारते हे कळताच मोजे, बनियन, धुलाईयंत्रे, शीतपेट्या यांत ती मिसळून विकण्याची चढाओढ सुरू झाली. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली असे मोजे नुसत्या पाण्यात धुऊन पाहिले, तेव्हा काहींतील चांदी अल्पावधीतच पाण्यात निघून गेली. हे पाणी शेवटी गटारात, तेथून नदीत जाणार. तेथे असंख्य जीवाणू चांदीची सौम्य मात्रा रोज चाखीत राहणार. फ्लेमिंग यांनी अपुऱ्या मात्रेविषयी दिलेला इशारा येथेही तंतोतंत लागू पडतो.

चांदीपुढे जीवाणू हतबल आहेत, असे मानणे भ्रमाचे ठरेल. १९७५ सालीच अमेरिकेतील बॉस्टन येथील एका जळितकक्षात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला आढळला होता. २०१८ साली चेक प्रजासत्ताकातील ओलोमोत्स येथील शास्त्रज्ञांनी तर जीवाणूंची एक विलक्षण युक्ती उघडकीस आणली. चांदीच्या कणांशी वारंवार गाठ पडलेले जीवाणू आपल्या शेपटीचे प्रथिन भोवतालच्या पाण्यात सोडू लागतात. त्या चिकट प्रथिनामुळे कण एकमेकांना धरून गोळा होतात आणि निकामी ठरतात. एवढ्या सायासाने वाढविलेला पृष्ठभाग जीवाणूने हातोहात हिरावून घेतला! यावर त्याच शास्त्रज्ञांना एक उपायही सापडला. डाळिंबाच्या सालीच्या अर्काने ते प्रथिन बनणे थांबते आणि चांदी पुन्हा आपले काम करू लागते. डाळिंबाची साल वाळवून औषधाला जपून ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हे ऐकून समाधान वाटले असते. मात्र हा प्रयोगही काचपात्रातलाच आहे, हे विसरू नये.

या साऱ्यातून घरोघरी काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की, 'चांदीचे पाणी' म्हणून बाटलीत भरून विकले जाणारे, सर्व रोगांवर गुणकारी म्हणविणारे द्रव पिऊ नयेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ सालीच जाहीर केले आहे की, अशी उत्पादने सुरक्षित वा परिणामकारक मानता येत नाहीत. ती दीर्घकाळ पिणाऱ्यांची त्वचा राखट निळी पडते आणि तो रंग सहसा जन्मभर जात नाही. बाळाच्या चांदीच्या वाटीला कोणाची हरकत नाही, तिने परंपरा खुशाल जपावी. पण चांदीच्या तांब्यात ठेवले म्हणून गढूळ पाणी शुद्ध होत नाही, ते गाळून उकळावेच लागते. दुसरे असे की, लोणच्यावर वा भाकरीवर आलेल्या बुरशीत औषध असेल, या समजुतीने ती पोटात घालू नये. प्रयोगशाळेतील बुरशी निवडून, पारखून घेतलेली असते, बरणीतली कोण आहे हे कोणास ठाऊक?

आणि तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत निकडीची. वैद्याने लिहून दिलेली प्रतिजैविके सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितलेले दिवस घ्यावीत. ताप उतरला म्हणून चार गोळ्या डबीत ठेवून द्यावयाच्या आणि पुढल्या महिन्यात त्याच शेजारच्या मुलाला द्यावयाच्या, ही चाल आपल्या बहुतेक घरांत आहे. तीत शेजारधर्म दिसतो खरा, पण त्या चार गोळ्यांत जीवाणूंची शाळा भरते. साध्या सर्दी-पडशाला तर ती औषधे लागूच पडत नाहीत, कारण ते काम विषाणूंचे, जीवाणूंचे नव्हे. पुण्याच्या, अमरावतीच्या, मद्रासच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे खपून जे नवे अस्त्र घडविले जात आहे, ते पूर्ण होईपर्यंत जुनी अस्त्रे शाबूत राहावयास हवीत.

इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणच्या आपल्या घरांतून आज पुष्कळ मुले-मुली सूक्ष्मजीवशास्त्र आणि रसायन हे विषय घेऊन शिकत आहेत. त्यांतील एखादीला वाटत असेल की, मोठे संशोधन परदेशातच होते. तिला आमचे सांगणे एवढेच की, मर रोगाची बुरशी, साखरेचे पाणी आणि चिमूटभर क्षार यांतून जगाने दखल घ्यावी असे काम आपल्याच देशात उभे राहिले आहे, आणि त्यातील अवघड प्रश्न अजून सुटावयाचे आहेत. एकसारखे कण कसे मिळवावेत? वापरून झालेली चांदी नदीत न जाऊ देता परत कशी घ्यावी? जीवाणूने शोधलेल्या युक्तीवर कायमची मात कशी करावी? यांपैकी एकाचे उत्तर जरी आपल्या घरातील लेकीने शोधले, तरी तिच्या उष्टावणाच्या वाटीचे चीज झाले, असे आम्ही म्हणू.